हेतू

रोझरी संपत आली की
रेजीन आते भार एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेते
आणि म्हणते,
आता एक आमच्या बापा, एक नमो मारिया
परमगुरूंच्या हेतूंसाठी.

वसईच्या किल्ल्यामागं, खाडीच्या तोंडाशी,
क्रूसाच्या ओट्यापुढं आम्ही सतरा जण.
मागं वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील,
बाजूला कुणाचीतरी चालूच राहिलेली मोटरसायकल.

लहानपणी मी विचारलं होतं, हेतू म्हणजे?
त्याच्या मनात असतं ते.
काय असतं त्याच्या मनात?
ते त्याला ठाऊक. आपण होडी ढकलायची,
सुकाणू ज्याचं त्याच्या हातात.

तिच्या घरात, बोटीच्या परवान्याशेजारी, त्याचा फोटो.
लग्न होऊन आल्यापासून चार परमगुरू झाले त्या भिंतीवर.
खिळा तोच.
मागच्या खेपेला धूर निघाला तेव्हा
आम्ही सगळे टीव्हीपुढं. काळा निघाला.
ती म्हणाली, लाकूड ओलं असणार.

आता हेतू फोनवर येतात.
महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी इनासचा पोरगा वाचून दाखवतो:
ज्यांची घरं सुटली त्यांच्यासाठी.
जे तुरुंगात आहेत त्यांच्यासाठी.
एका महिन्यात आलं, समुद्रावर जगणाऱ्यांसाठी.
आतेनं माळ थांबवली.
आपलं कुणी सांगितलं त्याला?

सांगितलं नव्हतं कुणीच.
आपल्याकडं फक्त नोटीस आली होती,
सोसायटीच्या फळ्यावर, बर्फाच्या दरांखाली:
वाळवणाची जागा, सर्व्हे नंबर, सागरी मार्ग,
हरकती पंधरा दिवसांत.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये.
फादरांनी परमगुरूंच्या पत्रातला उतारा वाचला,
पाण्याबद्दलचा, मराठीत, चष्मा पुसत पुसत.
नायब तहसीलदार बाईंनी पूर्ण ऐकलं.
मग म्हणाल्या, छान आहे,
पण हे जोडपत्र म्हणून घेता येणार नाही.
मागून कुणीतरी ओरडलं, मग जा ना रोमला.
हसले बरेच. आमच्यातलेही दोघेतिघे.

बस्त्याव हसला नाही.
सणाच्या मिरवणुकीत पुढचा क्रूस त्याच्या खांद्यावर असतो,
आणि भरावाचं काम मिळालं तर
त्याचे दोन डंपर लागणार आहेत.
तोही रोज संध्याकाळी आमच्यात असतो,
त्याच हेतूंसाठी, त्याच गुडघ्यांवर.
मी त्याच्याकडं पाहिलं नाही.
त्यानं बहुतेक माझ्याकडं.

फॉर्म एकपानी होता.
नाव. वय. जागेशी संबंध.
चौथ्या ओळीत छापलेलं: अर्जाचा हेतू.
आते अडली तिथं.
पेन धरलेला हात हवेत,
खवल्यांनी खरवडलेली बोटं.
मला म्हणाली, हा कुणाचा विचारतायत?
म्हटलं, तुझा.

माझा?

एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं,
ना सरकारनं, ना नवऱ्यानं,
देवळातही नाही.
रांग खोळंबली. शिपाई म्हणाला, मावशी, आटपा.
तिनं एकेक अक्षर जाळ्याची गाठ मारावी तसं ओढून लिहिलं:
बोंबील सुकवणे.

शिक्का बसला. पोच मिळाली.
निर्णय यथावकाश कळवण्यात येईल.

त्या संध्याकाळी रोझरी संपत आली,
तिनं गुडघा बदलला, पण बोलली नाही.
आम्ही थांबलो. बस्त्यावही थांबला.
मग म्हणाली, तो तिकडं म्हणत असेल का रे,
झोपायच्या आधी, एक आमच्या बापा
रेजीनच्या हेतूसाठी?

फादर असते तर काही तरी बोलले असते.
आम्हाला सुचलं नाही.
खाडीवरून दमट वारा सुटला होता,
दव पडायच्या आत
बोंबील उतरवायचे होते.
आधी बस्त्याव उठला.
वलांडीचं दुसरं टोक त्यानं धरलं.