कोबा

जलीलभाई म्हणाला, डबा आज नेऊ नका ताई.
आधी फरशीला विचारा.
रंगाचं काय, तो कशावरबी बसतो,
राहतो का तेवढं बघायचं.

म्हणून पहिल्या दिवशी नुसतं सामान काढलं.
पलंग, शिलाईची मशीन, ज्वारीची कोठी सोडून सगळं.
कोठी बावीस वर्षांत हलली नाही.
तिच्याखाली कोबा कसा आहे
ते आता उंदरालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी तेल.
पोराची मोटारसायकल रात्री आत यायची,
दाराजवळ तिचा भाकरीएवढा काळा डाग.
सोडा टाकला, काथ्यानं घासलं,
हाताची सालपटं निघेस्तोवर घासलं.
वर पेलाभर पाणी ओतून बघायचं:
थेंब गोळा होऊन पळाले तर तेल आहे,
मुरले तर गेलं.
तीनदा पळाले.
चौथ्यांदा कोब्यानं पाणी असं ओढलं
जसा मोंढ्यातला हमाल
श्वास न घेता तांब्या रिकामा करतो.

भेगा तीन. छिन्नीनं उकरून रुंद केल्या.
हे मला पटत नव्हतं.
बुजवायची तर आधी वाढवायची कशाला?
दिगंबरराव ओट्यावरून म्हणाले, सुपारी चघळत,
"दात भरतानाबी किडकं कोरूनच काढतेत की."
त्यांनी एवढंच काम केलं.

मग ती प्लास्टिकची गोष्ट.
युरियाच्या पोत्यातली आतली पिशवी, हातभर चौकोन,
चारी बाजूंनी चिकटपट्टी.
रात्रभर ठेवा, जलीलभाईनं सांगितलं होतं,
जमिनीला घाम येतो का बघा.

सकाळी प्लास्टिकच्या पोटाला थेंब.
मोहरीएवढे. शेकड्यांनी.

मी बसूनच राहिले.
उदगीरच्या या गल्लीत नळ दहाव्या दिवशी येतो,
आला तर अर्धा तास, तोही रात्री दोनला.
हौद भरला की मी काठी घालून मोजते,
भिंतीवर खडूनं रेघ मारते.
चार महिने झाले, हिशेब लागत नव्हता.
आणि संक्रांतीला, वाणाच्या बायकांसमोर,
मागच्या खोलीतल्या सोनटक्केबाईला मी म्हणाले होते,
"पाणी बघून वापरत जा. हौद आहे माझा, नदी नाही."
ती काही बोलली नाही. तिळगूळ पदरात बांधला.
दुसऱ्या दिवसापासून तिच्या घागरी
शाळेच्या बोअरवरून यायला लागल्या.
एका कडेवर पोरगं, दुसऱ्या कडेवर घागर.
मला ते बरंच वाटलं होतं.

रेघ तरीही उतरत होती.
मी उतरताना बघत होते
आणि खडू बदलत होते.

हौद उपसला. तळाशी, आमच्या भिंतीच्या अंगाला
केसाएवढी चीर.
गवंडी म्हणाला, "तुमचं पाणी तुमच्याच घरात व्हतं की."
हसला तो.

चीर भरली. अठरा दिवस वाट बघितली.
पुन्हा प्लास्टिक. कोरडं.
एक सुरकुती, एक मेलेली मुंगी.

रंग विटकरी घेतला.
सुरुवात पार आतल्या कोपऱ्यातून,
मग उलट्या पायांनी दाराकडं सरकायचं,
नाहीतर माणूस ओल्या रंगात कोंडून बसतो,
कोंडणारा बाहेर कुणी नसतो.
गुडघ्याखाली पोतं. कडांना ब्रश, मधे रोलर.
कोठीला वळसा घातला. राहू दे.
डोळे झोंबत होते, रंगानंच बहुतेक.

उंबऱ्यावर टेकले तेव्हा दिवे लागले होते.
मागं पावलं वाजली, घागर हिंदकळली.
"वलं हाय का?"
"हो. दोन दिवस पाय ठेवता येणार नाही."
ती डोकावली. म्हणाली, "रंग चांगलाय."
मी म्हणाले, हौदाचं झाकण उघडंच आहे.
हे वाक्य मी अठरा दिवस घोकलं होतं,
तरी ते दारातच अडखळलं.
तिनं घागर या कडेवरून त्या कडेवर घेतली.
"बगते," म्हणाली, आणि बोळातून गेली.

पहिला हात कोबा पिऊनच टाकतो,
असं जलीलभाई म्हणाला होता.
जागोजागी राखाडी दिसत होतं.
डब्यात अजून अर्धा रंग होता.
ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभा करून ठेवला,
परवासाठी.