चौथा पाय

कदीम जालन्यात मुनीर मिस्त्रींच्या दुकानात
कुठलंही टेबल आधी पालथं होतं.
"वरून पॉलिश बोलतं, बाई.
लाकूड खालून बोलतं."

करवतीच्या खुणा सरळ असतील तर हाताची चिराई,
कमानी असतील तर गावात मशीन आलं होतं.
ड्रॉवरच्या खाचा एकसारख्या निघाल्या की नाक मुरडतात:
माणसाचा हात एवढ्या शिस्तीत चालत नाही.
स्क्रूची चीर डोक्याच्या मधून जरा सरकलेली दिसली
की मात्र चष्मा कपाळावर.

गोल टेबलाला फीत दोनदा.
एकदा रेषांच्या बाजूनं, एकदा आडवी.
आडवं माप दोन सूत कमी भरायला पाहिजे.
"इथले शंभर उन्हाळे खाल्ले की सागसुद्धा आकसतो.
अजून गोलच असेल तर नवं आहे,
विकणारा खुशाल शपथा घेऊ द्या."

घराणी पायांवरून.
पीळ घातलेले, सुंभाला घालतात तसे.
गुडघ्यात वाकून घोट्याशी सावरलेले.
पंजात गोळा धरलेले, ते छावणीतल्या साहेबांचे.
पायऱ्या-पायऱ्यांचे, कोनाकोनांचे,
ते टॉकीज आली तेव्हाचे.
आणि तिपाईला पाय तीन. साहेबानं शब्द नेला,
टीपॉय करून परत पाठवला,
तोवर त्याला चौथा फुटला होता.

मी आणलेलं भोकरदनच्या लिलावातलं,
डाकबंगल्याचं, पितळी पट्टीवर नंबर सतरा.
रिक्षात मांडीवर धरून आणलं, पट्टी पुसत पुसत.
तीन पायांना पंजे, गोळ्यात नखं रुतलेली.
चौथा सरळसोट, बाभळीचा,
वाकसानं तासलेला.

मिस्त्रींनी सांधा अंगठ्यानं चाचपला.
खिळा नाही. सरस नाही.
लाकडात लाकूड ठोकून बसवलेलं.
"तिफणी करणाऱ्याचा हात आहे," म्हणाले.
"साहेबाचा पाय मोडला असेल ऐन पेरणीत,
याला बोलावलं असेल शेतातून."

"मग ही स्टाइल कुठली म्हणायची?"

"किंमत निम्मी झाली. विकायचं असेल तर."

टेबल सुलटं केलं.
दुकानाची फरशी खालीवर, एक पंजा अधांतरी.
काठोकाठ भरलेला चहाचा कप त्यांनी
बाभळीच्या कोपऱ्यावर ठेवला
आणि गिऱ्हाइकाला दाराशीच थांबवून
दुसऱ्याच कपाटाचा भाव सांगू लागले.