कोणी एक

हर्णैला लिलाव संपला की पाजपंढरीची चंदन चोगले
कधीमधी माझ्या ओट्यावर टेकते.
आज लिलाव चालू असतानाच आली, टोपलीसकट,
हातात फोन, काचेवर खवला चिकटलेला.
"सर, एवढं वाचा. इंग्रजीत आहे."

कंपनीचा निरोप. दोन ओळी.
अ सीमन हॅज बीन इन्जर्ड.
द शिप इज प्रोसीडिंग टु फुजैरा.

एकतीस वर्षं मी या टीचभर शब्दांपायी
लाल शाई संपवली.
पोरं लिहायची सन सेट्स इन वेस्ट, रोज डोळ्यांनी बघून,
आणि मी फाटक्या जाळ्यात दोरा भरावा
तसा दोन्हीकडे द भरायचो.
सूर्य एकच रे, म्हणून द.
अवरमधला एच मुका, म्हणून अॅन.
मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं,
आपल्यात कुठे असतं सर हे?
आपण म्हणतो होडी आली,
आणि सगळ्या पाखाडीला कळतं कुणाची.

चंदनला म्हणालो, जहाज तुझ्या माहितीतलं,
म्हणून तिथे द.
माणसाआधी मात्र अ आहे.
म्हणजे कोणी एक. बावीस जणांतला कुठलाही.
"म्हणजे हे नाहीत?"
तसं म्हटलेलं नाही.
हेच, असंही म्हटलेलं नाही.

हे.
लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच नाव,
नंतर तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.
आपल्यात नाही कसं?
नावावाचून, बोट न दाखवता,
अख्ख्या दर्यात एकाच माणसाला लागणारा शब्द
या किनाऱ्यावरच्या बायका चुलीपाशी बसून वापरतात,
आणि मी तो कधी फळ्यावर लिहिला नाही.

त्या अ च्या आडोशाला ती जरा वेळ बसली.
मांजराने टोपलीतला एक बांगडा ओढून नेला,
तिने हाकललं नाही.
मग म्हणाली,
"म्हणजे मी काय मागतेय सर?
एकवीस घरांतल्या कुणाच्या तरी दारी जाऊ दे, असंच ना?"
याला माझ्याकडे नियम नव्हता.

फोन थरथरला. द सीमन इज स्टेबल.
तेवढं अक्षर तिला आता ओळखू येत होतं.
"द आला," म्हणाली, आणि ओट्याची कड धरली.
अगं, दुसऱ्यांदा उल्लेख झाला की द येतोच,
पाचवीचा धडा आहे तो.
त्यांच्या ओळखीचा झाला तो माणूस. आपल्या नाही.
मी हे मास्तराच्या आवाजात सांगितलं,
दुसरा आवाज सापडेना.

उत्तर लिहायला घेतलं. आय अॅम द वाइफ ऑफ,
इथवर मी लिहिलं आणि फोन तिच्याकडे दिला.
नाव तिने घातलं, ओठ मिटून, एकेक अक्षर दाबत.
हरेश्वर.
नावाआधी, बरं झालं, काहीच लागत नाही.

रेंज एका रेघेची होती.
निरोप गोल गोल फिरत राहिला.