पाच दिवसांच्या आत

हलच्या नगरपालिकेत माझं काम पानं लिहिण्याचं.
निळा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा,
थडग्यावरचा दगड किती उंच चालेल,
आणि या आठवड्यात: मृत्यूची नोंद.

जुन्या पानावर तीन परिच्छेद खेद होता,
मग कायद्याचं कलम, मग खात्याची रचना,
आणि पार तळाशी,
मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसासारखा,
फोन नंबर.
माणसं एक्केचाळीस सेकंद थांबत होती
आणि जात होती.
कुठे, ते आकडे सांगत नाहीत.

मला आत्या आठवली.
कऱ्हाडच्या तार ऑफिसात ती शब्द मोजायची.
खिडकीपलीकडचा माणूस हुंदका आवरत सांगे,
"लिहा, कळविण्यास अत्यंत दुःख होते की..."
ती पेन्सिलीचं टोक कागदाला टेकवून म्हणे,
"कोण गेलं तेवढं सांगा.
दुःख त्यांचं ते करतील."
लोक तिला दगड म्हणायचे.
घरी आली की ती बराच वेळ हात धूत राही.

तर मी छाटलं.
'सदर' आणि 'उपरोक्त' यांची इंग्रजी भावंडं
एकेक करून घराबाहेर काढली.
पहिली ओळ: पाच दिवसांच्या आत नोंद करा.
दुसरी: नंबर, बोट लागताच वाजणारा.
वाक्यं इतकी आखूड
की हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्यानं वाचता यावीत,
दुसऱ्या हातात
कुणाचा तरी चष्मा आणि बूट घातलेली पिशवी असताना.
खेदाचं एकच वाक्य ठेवलं.
ते मात्र दोन दिवस चिंच लावून घासलं.
ग्लेनिस म्हणाली, छान.

गुरुवारी लायब्ररीत चाचणी.
क्लिफर्ड स्टॅथर, वय एकोणऐंशी,
जन्मभर मासेमारीच्या बोटींवर स्वयंपाकी,
बायको जाऊन अकरा आठवडे.
आम्ही अशीच माणसं बोलावतो,
बसभाडं देतो आणि वीस पौंडांचं कूपन.
काचेला तडा गेलेला फोन. जाड अंगठा.
माझं घासलेलं वाक्य
त्या अंगठ्याखालून न थांबता गेलं,
बसच्या खिडकीतून गेलेल्या गावासारखं.
मी वहीत नोंदलं: वाचलं नाही.

तो थांबला 'सोबत काय आणाल' या मथळ्याशी.
इंग्रजीत ते शब्द नुसती यादी मागतात.
मराठीत मनातल्या मनात वाचताना अडखळले मीच.
अर्जाला जोडतो ती सोबत,
आणि उठून गेली तीही.

"हिचं लायब्ररीचं कार्ड," तो म्हणाला,
"तेही आणायचं असतं का?
दोन पुस्तकं घरी आहेत. एक अर्धं राहिलंय.
दंड चढत असेल."

यादीत पासपोर्ट होता, लायसन्स होतं,
पेन्शनचे कागद होते.
कार्ड नव्हतं. कायद्यालाही ते ठाऊक नाही.

मीटिंगमध्ये ग्लेनिस म्हणाली,
एका माणसाचा प्रश्न म्हणजे पुरावा नव्हे.
खरंच आहे तिचं.
मी मान डोलावली.

संध्याकाळी हंबरवरून धुकं चढलं,
कोपऱ्यावरचा सायीच्या रंगाचा टेलिफोन बूथ
आधी दिसेनासा झाला, मग बस थांबा.
मी खाली लायब्ररीत जाऊन विचारून आले.
खेदाचं वाक्य काढून टाकलं.
तळाशी एक ओळ घातली:
त्यांची पुस्तकं सावकाश परत करा. दंड नाही.

सकाळी आकडे पाहिले.
पहाटे तीन बाराला कुणीतरी आलं होतं,
तळापर्यंत,
आणि बावीस मिनिटं तिथेच होतं.
वाचत बसलं असेल,
की फोन हातात तसाच पेटता ठेवून
झोप लागली असेल.
लागली असेल तर बरं.