कंद, एक

शनिवारी टोपली माझ्याकडे.
अकरा वर्षांची होते, गुडघे सोललेले,
उतारावरची सत्तावीस घरं तोंडपाठ,
कुठल्या घरचं कुत्रं चावतं तेही.

रीत साधी होती.
भात रांधण्याआधी मापातून एक मूठ काढायची,
चुलीमागच्या मडक्यात टाकायची, मंडळीसाठी.
सकाळी एक, संध्याकाळी एक.
झाकली मूठ सव्वा लाखाची असेल;
आमची उघडूनच मोजली जायची.
त्या तांदळावर पलीकडच्या डोंगरात
एक शाळा चालायची, एक दवाखाना,
आणि एक सुवार्तिक, जो म्हणे फार बेसूर गायचा.

पी थांगछिंगीचं घर शेवटचं, कड्याला टेकलेलं.
नवरा झाडाखाली गेला. मुलगा पलटणीत, पत्र नाही.
तिची बोटं सांध्यांत वाकलेली, मूठ नीट मिटत नसे,
दाणे फटींतून गळायचे.
म्हणून ती दोनदा भरायची:
"एक देवाची," म्हणायची, "एक बोटांच्या चुकीची."

मग बांबू फुलला.
आम्हा पोरांना फुलं आवडली.
म्हातारी माणसं ती बघून
न बोलता घरात जाऊन बसली.

उंदीर रात्री आले.
सुक्या पानांवरून कुणी साखळी ओढत न्यावी
तसा आवाज, पहाटेपर्यंत.
सकाळी शेतात नुसती धाटं.

चर्चच्या बाकांवर बैठक भरली.
नोंदवही सांभाळणारे उपा दोलियाना म्हणाले,
यंदा मूठ थांबवू. देव समजून घेईल.
माना हलल्या. माझ्या बापाचीही.
मागच्या बाकावरून पी थांगछिंगी म्हणाली,
"देव घेईल. त्याचं पोट भरलेलं आहे.
पण उंदीर पलीकडच्या डोंगरातही गेलेत."

ठराव काही झाला नाही.
शनिवारी मी टोपली उचलली, इतकंच.

मुठीची चिमूट झाली.
मडक्याचा तळ खरवडल्याचा आवाज
मी दाराबाहेरून ओळखू लागले.
कुणी नुसतं "पुढच्या आठवड्यात" म्हणायचं
आणि माझ्याकडे न बघता दार लोटायचं.
वाटेत एकदा मीही, आता सांगते,
टोपलीतले कच्चे दाणे चघळले.
सात. कदाचित आठ.

ऑगस्टात तांदूळ संपला.
पी थांगछिंगी रानातून कंद खणून आणायची.
तो दिवसभर उकळावा लागतो,
पाणी तीनदा फेकावं लागतं,
नाहीतर घसा रात्रभर खाजतो.
त्या शनिवारी तिने टोपलीत एक ठेवला,
मातीसकट, मुठीएवढा.
"आज एकदाच," ती म्हणाली. "हा गळत नाही."

उपा दोलियानांच्या वहीत रकाने आखलेले:
घर, शेर, छटाक.
कंदाला रकाना नव्हता.
पेन बराच वेळ हवेत राहिलं.
मग रेघा ओलांडून त्यांनी लिहिलं:
कंद, एक.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला.
मग माझ्याकडे वळून विचारलं,
"तू काही खाल्लंस का गं?"
मी नाही म्हणाले.
त्यांनी कशाबद्दल विचारलं
ते मला अजून कळलेलं नाही.

शाळा तगली का?
तीन महिने बंद पडली. खोटं का सांगू.
मग उघडली.
एका कंदाने शाळा उघडत नाही, एवढं मलाही कळतं.
ती वही मात्र मी नंतर वीस वर्षं लिहिली,
आणि त्या ओळीपाशी
दर वेळी बोट थांबायचं.

आता टोपली दुसऱ्याच कुणाची नात नेते.
चपला फटफटत येते, फोनवर बोलत,
दारातून हाक मारते.
मी माप उचलते, मूठ भरते.
बोटं हल्ली मिटत नाहीत.
मी पुन्हा भरते.
खाली कोंबडी मान वाकडी करून
केव्हाची उभी आहे;
तिला माहीत आहे, काही दाणे गळणार.