एक जानेवारी, ऐंशी

बेलसरे रोपवाटिकेतला कॉम्प्युटर
चालू केला की दर वेळी तीच तारीख सांगतो :
एक जानेवारी, ऐंशी.
आतली बॅटरी कधीच मेली,
त्याला वाटतं, आजच जन्मलो.
नत्थूजी म्हणतात, ''ऐंशीत आमच्या घरी लाइनच नोती, पोरी.
हा कुठून आला मंग?''

वरूडहून मी पहिल्यांदा आले
ते नुसती टिकटिक ऐकून गेले.
पाल चुकचुकावी तशी, पत्र्याच्या डबीतून.
दुसऱ्यांदा बारा फ्लॉप्या आणल्या,
सातांवर बुरशी होती.

दुपारी टिनाखाली डिस्क फिरायचं नावच घेईना,
म्हणून पहाटे तीनला बसलो,
वाळ्याच्या कुलरसमोर पाट, पाटावर ती.
चारला थ्री फेज येते,
शिवारातल्या मोटरी एकदम उठतात
आणि घरातला बल्ब पिवळा पडतो.
म्हणजे आमच्या हाती एक तास.

सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती,
लेबलावरचं वाचून हाताने भरावं लागलं.
स्वतःबद्दल तिला काहीच आठवत नाही.
आतलं मात्र आठवतं :
चौऱ्याण्णवपासूनची प्रत्येक कलम,
कोणत्या झाडाचा डोळा, कोणत्या जंभेरीच्या खुंटावर,
बांधला कोणी, नेली कोणी, जगल्या किती.

आणि चौदा नंबर.
अख्ख्या शिवारात डिंक्या आला तेव्हा
एकट्या त्या झाडाची साल साफ राहिली.
रस्ता रुंद झाला, त्यात ते गेलं.
त्याची लेकरं कुठेतरी उभी असतील.
कुठे, ते या पेटीत.

पडदा विचारतो : वाचता येत नाही. सोडू, की पुन्हा बघू?
मी म्हणते, पुन्हा.
पुन्हा.
नत्थूजी बाजूला बसून मोजतात, ''अठरा. ओणीस.''
मग हळूच, ''डोया काढतानी बी असंच राह्यते.
घाई केली का आंधया निघते.''

विसाव्याला वाचलं.

चौथी फ्लॉपी अर्धी भरली
आणि डिस्कने लांब श्वास सोडला, थांबली.
अठ्ठ्याण्णवचं निम्मं वर्ष आतच राहिलं.
मोटरी अजून उठल्या नव्हत्या.

घरी लॅपटॉपवर उघडलं तर एक अक्षर ओळखीचं नाही.
टोप्या घातलेली परकी अक्षरं, चौकटी, दुहेरी रेघा,
मध्येच पौंडाचं चिन्ह.
सीताबर्डीच्या कोण्या दुकानदाराने रचलेली ती लिपी,
त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

तिसऱ्यांदा आले ती कागदांचा गठ्ठा घेऊन.
नत्थूजींनी चष्मा पुसला,
पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.
''हे गुंफाबाई. गुंफाबाई कडू, जरूड.
पह्यली पावती तिचीच. दीडशे कलमा, चौदा नंबर.''
ते वाचत नव्हते,
सांगत होते.

मी पेन्सिलीने खाली लिहीत गेले.
पौंड म्हणजे ब.
फा आणि बा, दोन्हींच्या मागे तीच दुहेरी रेघ, म्हणजे काना.
कडूतला ड
जरूडच्या शेवटी पुन्हा भेटला
तेव्हा मी ओरडलेच.
सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली, विंचू निघाला समजून.

दिवेलागणीपर्यंत निम्मी बाराखडी हाती आली.
जरूडला फोन लावला.
गुंफाबाईचा नातू म्हणाला,
धुऱ्याजवळ चार झाडं आहेत आजीच्या हातची,
कोणती जात काय माहीत, अजून फळतात.
मी ''बरं'' म्हणाले,
आणि चौदाच्या आकड्याभोवती गोल केला.

फाइलींवर तारीख आहे तीच, ऐंशीची. बदलली नाही.
ठ अजून मिळालेला नाही.
जिथे तो असावा तिथे फुली मारून ठेवली आहे,
सदतीस फुल्या.
नत्थूजी डोळे मिटून बसलेत, बोटं हलताहेत,
''ठोंबरे होता एक, बेनोड्याचा,
कोनत्या साली बरं...
थांब पोरी,
आठवते.''