दहापैकी

जिंतूर रोडला मोईजचं कॅफे.
तासाला पंधरा रुपये. लाईन गेली की तास बुडाला.

समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता,
आणि तीन आठवडे आम्ही दीपगृहात अडकलेलो.
बाण फिरवायचा. जिथं त्याचा हात होईल तिथं दाबायचं.
दोरीला चुंबक, चुंबक विहिरीला.
कंदील माशालासुद्धा दाखवून पाहिला.
टोपीवाला म्हातारा दरवेळी तेच एक इंग्रजी वाक्य बोलायचा.
मोईज सांगायचा, "म्हणतोय, हे असं चालणार नाही."

कुलूप उघडलं शेवटी शिळ्या पावानं.
पाव! कामून पाव?
मोईजनं उधारीच्या वहीत मागल्या पानावर लिहिलं:
चित्रं नऊ, डोकं चार.
"कोडं असं पाहिजे," म्हणाला,
"की उत्तर कळल्यावर आपला राग यावा,
बनवणाऱ्याचा नाही."
मग लाईन गेली.
सेव्ह कुणीच केलं नव्हतं.

परवा परभणीत उतरलो.
मोईज शारजात. शटर खाली, कुलूप गंजलेलं.
खिशात घरची किल्ली, एस्टीचं तिकीट, बडीशेपेची पुडी.
एकेक वस्तू मनातल्या मनात
कुलपाला लावून पाहिली.

पाव तेवढा नव्हता.